महिन्याच्या गोळ्या वेळेवर कशा मिळवायच्या: मुंबईत हे काम नव्याने अंगावर आलं असेल तर

घरात कुणाला बीपी, शुगर, थायरॉइड, हार्ट यातलं काही आहे आणि महिन्याच्या गोळ्या आणायचं काम नुकतंच तुमच्यावर आलंय, तर हे तुमच्यासाठी. मी दोन घरांच्या गोळ्या बघते, मुलुंडला सासऱ्यांच्या (हार्ट आणि शुगर) आणि गिरगावात आईच्या (थायरॉइड आणि बीपी). सुरुवातीला वाटतं की यात काय एवढं, मेडिकलवर जायचं, चिठ्ठी दाखवायची, पैसे द्यायचे, झालं. मग कधीतरी "ये वाला नहीं है, कल शाम को आओ" सुरू होतं, उद्या संध्याकाळी गेलं की "ऑर्डर डाला है" आणि परवा गेलं की दुकानात दुसराच पोरगा उभा असतो, त्याला कशाचाच पत्ता नसतो.

केमिस्टवर चिडून काही होत नाही हे आधीच सांगते. बराचसा उशीर त्याच्या वर, स्टॉकिस्टकडे (केमिस्टला माल पुरवणारा होलसेलर) किंवा कंपनीकडे होतो, आणि उरलेला होतो कारण बहुतेक लोक पट्टीत शेवटच्या दोन-चार गोळ्या उरल्यावर दुकानात उगवतात. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत, एक म्हणजे चिठ्ठी नीट लिहून घेणं आणि दुसरं म्हणजे तारीख आपण ठरवणं. खालचं सगळं याच दोन गोष्टींभोवती आहे.

आधी हे जमवून ठेवा

- डॉक्टरची ताजी चिठ्ठी, ओरिजिनल, आणि मोबाइलमध्ये तिचा सरळ, सावली न पडलेला फोटो (चारही कोपरे आणि सही-शिक्का दिसला पाहिजे)
- प्रत्येक गोळीच्या रिकाम्या पट्टीचा फोटो, पुढून आणि मागून, कारण मागे कंटेंट आणि पॉवर लिहिलेली असते
- मागच्या वेळचं बिल, त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी असते
- डॉक्टरच्या क्लिनिकचा नंबर, शक्यतो असिस्टंटचा, कारण फोन तोच उचलतो
- एक कागद किंवा वही. ॲप वापरत असाल तर खुशाल वापरा, पण सासऱ्यांना ॲप दिसत नाही, फ्रिजवर लावलेला कागद दिसतो

१. चिठ्ठीवर दोन ओळी जास्त लिहून घ्या

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हीच सगळे सोडतात. आपल्याला वाटतं एकदा डॉक्टरने लिहून दिलं की ती चिठ्ठी वर्षभर चालते. नियम तसा नाहीये. औषधे व सौंदर्य प्रसाधने नियम १९४५ मधला नियम ६५ सांगतो की चिठ्ठीवर डॉक्टरने स्पष्ट लिहिलं नसेल तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, आणि किती वेळा किंवा किती दिवसांनी द्यायचं हे लिहिलं असेल तर त्याप्रमाणे द्यायचं. औषध दिल्यावर केमिस्टने चिठ्ठीवर दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख टाकायची असते. ओळखीचा केमिस्ट हे मनावर घेत नाही, वर्षानुवर्षं त्याच जीर्ण चिठ्ठीवर गोळ्या देतो, पण ज्या दिवशी तो बंद असतो आणि तुम्ही अनोळखी दुकानात जाता त्या दिवशी "मॅडम ये तो आठ महिने पुराना है" ऐकावं लागतं. आणि त्याचं चूक नाही.

म्हणून डॉक्टरकडून उठायच्या आधी तिथेच बसून सांगा:

पहिली ओळ: "तीन महिने दर महिन्याला रिपीट" (किंवा पुढच्या भेटीपर्यंत जेवढे महिने असतील तेवढे).

दुसरी ओळ: ब्रँडच्या खाली जेनेरिक नाव (म्हणजे आतल्या औषधाचं मूळ नाव) आणि पॉवर, कॅपिटल अक्षरात. डॉक्टरांसाठीच्या आचारसंहितेत २०१६ पासून हे आहेच, औषधं जेनेरिक नावाने, वाचता येतील अशी आणि शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावीत, तेव्हा हे मागताना संकोच करू नका. मोठे डॉक्टर कधीकधी भुवया उंचावतात. उंचावू देत.

चिठ्ठीवर पेशंटचं नाव, पत्ता, तारीख, डॉक्टरची सही आणि रजिस्ट्रेशन नंबर आहे ना तेही बघून घ्या. आणि "१-०-१" (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) च्या पुढे एकूण किती दिवस किंवा किती गोळ्या ते लिहिलेलं असू दे, नाहीतर केमिस्ट आपल्या मनाने दहाच देतो.

पुढच्या भेटीला वेळ असेल आणि चिठ्ठी जुनी झाली असेल तर क्लिनिकला फोन करून विचारा. मार्च २०२० मध्ये केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम काढले तेव्हापासून जुन्या पेशंटला डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर बघून चिठ्ठीचा फोटो किंवा पीडीएफ पाठवू शकतात, ती चालते. शेड्यूल एक्सच्या आणि नार्कोटिक कायद्याखाली येणाऱ्या (सवय लागू शकते म्हणून कडक नियंत्रणातल्या) गोळ्यांना मात्र चालत नाही.

२. सगळ्या गोळ्या एका तारखेवर आणा

खरी गंमत पट्ट्यांची आहे. एक गोळी १० च्या पट्टीत येते, दुसरी १५ च्या. ॲस्पिरिन ७५ ची एक नेहमीची पट्टी १४ ची असते, दोन पट्ट्या घेतल्या की २८ दिवस, आणि महिना ३० चा. थायरॉइडची गोळी तर बऱ्याचदा १०० किंवा १२० च्या बाटलीत. म्हणजे प्रत्येक गोळी वेगळ्या दिवशी संपते आणि तुम्ही महिन्यातून चारदा दुकानाच्या पायऱ्या चढता.

एकदा बसून हिशोब करा. समजा आज ५ तारीख आहे आणि सगळ्या गोळ्या पुढचे २० दिवस पुरवायच्या आहेत. रोज एक असं धरून बीपीच्या ६ उरल्यात म्हणजे १४ कमी, कोलेस्टेरॉलच्या ११ उरल्यात म्हणजे ९ कमी, ॲस्पिरिनच्या ३ उरल्यात म्हणजे १७ कमी. आता पूर्ण पट्ट्यांवर जा: बीपीची १५ ची एक, कोलेस्टेरॉलची १० ची एक, ॲस्पिरिनच्या दोन. जास्तीच्या उरतील त्या पुढच्या महिन्यात धरायच्या. दोन-तीन महिन्यांत सगळं जवळपास एका तारखेला येतं.

पट्टी कापून मागितली तर केमिस्ट नाराज होतो आणि कापलीच तर एक्सपायरी आणि बॅच नंबर असलेली बाजू त्याच्याकडे राहते, म्हणून कापलेली पट्टी घेतली तर बिलावर ते दोन्ही लिहिलेलं आहे ना बघा. घरीही तेच, गोळ्या काढताना एक्सपायरी नसलेल्या बाजूने सुरू करा.

यावर १० दिवसांचा साठा वेगळा ठेवा. तो साठा वापरायचा नाही, फिरवायचा, म्हणजे नवीन पट्ट्या आल्या की त्या मागे आणि जुन्या पुढे. तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम भरू नका, खासकरून डॉक्टरची भेट तोंडावर असेल तेव्हा, कारण डॉक्टर ४० ची ८० करतात आणि तुमच्या पट्ट्या कपाटात पडून राहतात. न उघडलेली अख्खी पट्टी बिलासकट बरेच केमिस्ट परत घेतात, पण हे पहिल्याच खरेदीला विचारून ठेवा, नंतर भांडण नको.

३. केमिस्ट एक नको, दोन ठेवा

एक घराजवळचा, दुसरा डॉक्टरच्या क्लिनिकजवळचा.

कारण सांगते. मुंबईत माणूस राहतो एकीकडे आणि स्पेशालिस्ट दुसरीकडे. डॉक्टर परळला किंवा माहीमला, घर दहिसरला नाहीतर डोंबिवलीला. डॉक्टर जो ब्रँड लिहितो तो त्याच्या क्लिनिकच्या खालच्या दोन दुकानांत ढिगाने असतो, कारण तिथे रोज पन्नास लोक तीच चिठ्ठी घेऊन येतात, आणि तुमच्या नाक्यावरच्या केमिस्टकडे तो ब्रँड मागणारे तुम्ही एकटेच. एका गिऱ्हाइकासाठी तो पूर्ण बॉक्स कशाला मागवेल, उरलेला माल एक्सपायर झाला तर त्याच्या गळ्यात. म्हणून तो "आज येईल उद्या येईल" करतो, दुष्टपणाने नाही. त्याला तुम्ही सांगितलंत की भाई, ही गोळी दर महिन्याला ६० लागणार, निदान वर्षभर, तर त्याचं गणित बदलतं. हे तोंडी नाही, व्हॉट्सॲपवर सांगा.

घराजवळचा निवडताना चकचकीत दुकानापेक्षा हे बघा की रजिस्टर्ड फार्मासिस्ट खरंच दुकानात असतो का आणि बिल न मागता मिळतं का. २० टक्के डिस्काउंटची पाटी बघून जाऊ नका, डिस्काउंट त्याच गोळ्यांवर मिळतो ज्या त्याच्याकडे आहेत.

४. ऑर्डर १० दिवस आधी आणि लेखी

गोळ्या संपायच्या १० दिवस आधी मेसेज. फोनवर सांगितलेलं काउंटरवरच्या पोराच्या डोक्यात राहत नाही, त्याच्यासमोर चार माणसं क्रोसिन मागत उभी असतात. मेसेज असा:

"नमस्कार भाई, महिन्याच्या गोळ्या, पेशंटचं नाव अमुक. चिठ्ठीचा फोटो सोबत.
टेल्मिसार्टन ४० (साधी, एच नाही, एएम नाही): ३०
मेटफॉर्मिन ५०० एसआर: ६०
ॲटोरव्हास्टॅटिन १०: ३०
नेहमीचेच ब्रँड. १८ तारखेपर्यंत हवंय. जे नाही ते आजच कळवा, ब्रँड बदलू नका, आधी विचारा."

एच, एएम, एसआर म्हणजे काय ते सहाव्या पायरीत आहे. शेवटची ओळ विसरू नका. आणि दोन दिवसांनी स्वतः विचारा, तो स्वतःहून कळवेल ही आशा ठेवू नका.

मुंबईचं कॅलेंडरही डोक्यात ठेवा. रविवारी स्टॉकिस्ट बंद, म्हणजे शनिवारी संध्याकाळी टाकलेली ऑर्डर सोमवारी निघते आणि बऱ्याचदा मंगळवारी हातात. मार्चअखेर हिशोब आणि स्टॉक मोजणी असते, माल अडकतो. गणपतीत डिलिव्हरीची पोरं गावाला, निम्मं कोकण मुंबईतून रिकामं होतं तेव्हा तुमची पिशवी कोण आणणार. दिवाळीत तेच. आणि पावसाळ्यात बऱ्याच कंपन्यांचा माल भिवंडीच्या गोडाऊनमधून येतो, तिकडे पाणी भरलं की इकडे "गाडी नाही आली". या दिवसांत १० ऐवजी १५ दिवस आधी सांगा.

५. "नाही" म्हणाला तर कुठलं "नाही" ते विचारा

इथे थोडं सविस्तर लिहिते कारण सगळा मनस्ताप इथेच होतो. केमिस्ट एकच शब्द वापरतो पण त्यामागे चार वेगळ्या परिस्थिती असतात आणि प्रत्येकीत करायचं वेगळं असतं. सरळ विचारा: "दुकानात नाही, की स्टॉकिस्टकडे नाही, की कंपनीतूनच येत नाही?" हा प्रश्न विचारला की समोरचा जरा नीट बघतो, याला काहीतरी कळतं म्हणून.

दुकानात नाही पण स्टॉकिस्टकडे आहे: काही काळजी नाही. सकाळी ऑर्डर टाकली तर संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी येते. "टाकली का" विचारू नका, "कधी टाकली" विचारा. "टाकतो" आणि "टाकलीय" मधला फरक दोन दिवसांचा असतो.

त्याच्या स्टॉकिस्टकडे नाही: प्रत्येक केमिस्टचे ठरलेले स्टॉकिस्ट असतात, कधी उधारी थकली म्हणून स्टॉकिस्ट माल देत नाही, ते तो तुम्हाला सांगणार नाही. अशा वेळी त्याच्यासाठी थांबू नका, दुसऱ्या भागातल्या दुकानात विचारा, तोच माल तिथे पडलेला असू शकतो. क्लिनिकजवळच्या केमिस्टला फोन करा, फोटो पाठवा, तो बाजूला काढून ठेवेल, कुणी त्या बाजूला ऑफिसला जात असेल तर संध्याकाळी घेऊन येईल. नाहीच तर मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीट. तिथे औषधांचा होलसेल बाजार आहे, किरकोळ दुकानंही आहेत, बाहेर न मिळणारं बरंच तिथे मिळतं. तिथेही चिठ्ठी लागते, बिल घ्यायचंच, आणि बॅच-एक्सपायरी तिथल्या तिथे ताडून बघायची. ऑगस्ट २०२३ पासून ३०० ठरावीक ब्रँडच्या पाकिटावर क्यूआर कोड सक्तीचा आहे, तुमचा ब्रँड त्यात असेल तर स्कॅन करून बघा.

कंपनीतूनच शॉर्ट किंवा बंद: केमिस्टच्या "आठ दिवसांत येईल" वर अजिबात बसू नका. दोन वेगळ्या भागातल्या दुकानांनी तेच सांगितलं की त्याच दिवशी डॉक्टरला कळवा आणि पर्याय लिहून घ्या. घरचा १० दिवसांचा साठा याच वेळेसाठी असतो.

"आम्ही ठेवत नाही": हा सगळ्यात प्रामाणिक माणूस. थँक यू म्हणा आणि पुढच्या दुकानात जा.

६. "सेम है, ले लो"

केमिस्ट दुसरी पट्टी पुढे करतो. कंटेंट सेम, कंपनी वेगळी. बऱ्याच गोळ्यांमध्ये याने खरंच काही बिघडत नाही. पण नियम ६५ प्रमाणेच शेड्यूल एचच्या (चिठ्ठीवरच मिळणाऱ्या) औषधाच्या जागी दुसरं काही केमिस्टने स्वतःच्या मनाने द्यायचं नसतं, आणि आपणही घेताना या गोष्टी बघायच्या:

कंटेंट आणि पॉवर शब्दशः तेच आहे का. नावामागचं एक अक्षर बदललं की औषध बदलतं. टेल्मिसार्टनच्या ब्रँडमागे "एएम" लागलं की त्यात ॲम्लोडिपिन आलं, "एच" लागलं की लघवी वाढवणारं औषध आलं. घाईत ही चूक होते आणि बीपी खाली गेल्यावर कळते.

एसआर, एक्सआर, ईआर, एक्सएल, सीआर ही अक्षरं सोडू नका. ती गोळी हळूहळू विरघळणारी असते, तिच्या जागी साधी चालत नाही, आणि तिचे आपल्या मनाने तुकडेही करायचे नाहीत. "५० की नहीं है, २५ की दो ले लो" हे साध्या गोळीला बहुतेक वेळा जमतं, पण घरातल्या माणसाला दोन घ्यायच्यात हे पट्टीवर मार्करने लिहा, नाहीतर ते एकच घेतात.

थायरॉइड, फिट्सच्या गोळ्या, वॉरफरिन (रक्त पातळ करणारी): यांचा ब्रँड डॉक्टरला न विचारता बदलायचाच नाही. थोडासा फरकही लागतो. थायरॉइडचा ब्रँड बदलला तर डॉक्टर सहसा सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघायला सांगतात.

डॉक्टरला मेसेज करताना "गोळी मिळत नाही काय करू" असं मोघम नको. "अमुक ब्रँड ४० शॉर्ट आहे, केमिस्टकडे तमुक कंपनीची टेल्मिसार्टन ४० आहे, दिली तर चालेल का, घरात ६ दिवसांच्या आहेत" असं लिहा, पट्टीचा फोटो जोडा. एका शब्दात उत्तर येतं. आलेलं उत्तर जपून ठेवा.

७. झोपेच्या आणि जबर दुखण्याच्या गोळ्या

अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल वगैरे शेड्यूल एच१ मध्ये येतात (१ मार्च २०१४ पासून लागू). केमिस्टला वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव-पत्ता, किती दिल्या हे लिहावं लागतं आणि ते तीन वर्षं ठेवावं लागतं. शेड्यूल एक्सला तर चिठ्ठी दोन प्रतीत लागते, एक तो ठेवून घेतो, आणि ती औषधं ठेवायला दुकानाकडे वेगळं लायसन्स लागतं म्हणून बहुतेक दुकानांत नसतातच. इथे ओळख चालवू नका, "फार्मासिस्ट जेवायला गेलाय, नंतर या" म्हणाला तर नंतर जा. फोटोवर देत नाही म्हणून ओरडू नका, ओरिजिनल घेऊन जा.

८. इन्सुलिन

उशीर झाला की लोक जे मिळेल ते उचलतात, त्यात एक घातक घोळ आहे. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटचं असतं आणि पेनमधलं, कार्ट्रिजमधलं १०० चं. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी. पेन मिळालं नाही म्हणून बाटली आणली तर तिच्यावरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळलाच पाहिजे, नाहीतर डोस अडीच पट चुकतो. पेनच्या कार्ट्रिजमधलं औषध सिरिंजने ओढू नका.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीत, पण दारातही नाही आणि फ्रीजरजवळही नाही. केमिस्टने फ्रिजमधून काढून दिलं का तेही बघा. मे महिन्यात घरपोच मागवलं तर वॉचमनकडे ठेवायला सांगू नका, गेटवरच्या केबिनमध्ये दुपारी काय तापतं ते माहितीये आपल्याला. आणि फ्रिजची वस्तू परत घेत नाहीत, म्हणून नाव, पॉवर, एक्सपायरी काउंटरवरच वाचा.

९. ऑनलाइन

मी वापरते, पण साठा असताना. स्क्रीनवर "उद्या" दिसतं, पैसे भरल्यावर "परवा" होतं, आणि मग पाचपैकी चार गोळ्या येतात, पाचवीचे पैसे परत. म्हणजे पाचवीसाठी तुम्ही पुन्हा नाक्यावर. ऑर्डर १० दिवस आधी टाका, चुकवून चालत नाहीत अशा गोळ्या (रक्त पातळ करणारी, फिट्सची, इन्सुलिन) ऑनलाइनच्या भरवशावर ठेवू नका, आणि पिशवी फोडताना प्रत्येक पट्टी चिठ्ठीशी ताडा. पेमेंटच्या आधी बास्केटमध्ये "पर्यायी ब्रँड चालेल" अशी टिक आधीच लागलेली असते कधीकधी, ती काढा.

१०. खर्च जड जात असेल तर

जन औषधी केंद्रात जेनेरिक गोळ्या फार स्वस्त मिळतात, "जन औषधी सुगम" ॲपवर जवळचं केंद्र आणि औषधाचं नाव शोधता येतं. फक्त तिथे ब्रँडचं नाव कामाचं नाही, म्हणून पहिल्या पायरीतली ती दुसरी ओळ. तिथेही एखादी गोळी महिनाभर नसते, तेव्हा सगळं तिथेच मिळेल असं धरू नका. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्यांसाठी पालिकेचा आपला दवाखानाही आहे, मोफत, गर्दी असते पण विचारून बघा.

११. तरीही संपलीच तर

रात्री संपली हे कळलं तर मोठ्या हॉस्पिटलच्या आवारातलं मेडिकल गाठा, बरीचशी चोवीस तास उघडी असतात. केईएम, सायन, नायर, कूपर यांच्या आसपासही उशिरापर्यंत दुकानं असतात. अख्खा महिना मागू नका, "फक्त तीन दिवसांच्या द्या" म्हणा, चिठ्ठी आणि रिकामी पट्टी दाखवा.

शेजारच्या काकांना तीच गोळी आहे म्हणून त्यांच्याकडून आणायची आपली सवय असते. पॉवर वेगळी असते, थांबा.

चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी डबल घेऊन भरून काढायची नाही. आणि काही गोळ्या एकदम थांबवणं धोक्याचं असतं: मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर (बीपी-हार्टच्या), फिट्सच्या, स्टेरॉइड, स्टेंट टाकल्यावरच्या ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ करणाऱ्या. यातली संपली तर रात्र असली तरी डॉक्टरला फोन करा, त्यांना राग येईल म्हणून सकाळची वाट बघू नका. छातीत दुखणं, बोबडी वळणं, फिट येणं असं काही झालं तर गोळी शोधत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा किंवा सरळ कॅज्युअल्टी.

१२. तक्रार कधी आणि कुठे

दुकानात माल नाही एवढ्यावर तक्रार होत नाही. पण एमआरपीपेक्षा जास्त घेतले, बिल दिलं नाही, एक्सपायर झालेली पट्टी दिली, न विचारता दुसरंच औषध दिलं, फार्मासिस्ट कधीच नसतो, हे सगळं राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) जातं. टोल फ्री १८००२२२३६५, मुख्य ऑफिस वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये. घरपोच मागवलेल्या ऑर्डरचे पैसे अडकले, रिफंड नाही, तर नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन १९१५.

आणि एखादी गोळी शहरभर कुठेच नाही असं असेल तर ते एनपीपीएला कळवायचं, औषधांच्या किमती आणि उपलब्धता बघणारी केंद्राची संस्था. त्यांचा नंबर १८००१११२५५, आणि "फार्मा जन समाधान" नावाचं पोर्टल २०१५ पासून आहे, त्यात टंचाईची तक्रार टाकता येते. तक्रारीत ब्रँड, कंटेंट, पॉवर, कंपनीचं नाव, कुठल्या भागातल्या कुठल्या दुकानांत विचारलं आणि कोणत्या तारखांना, एवढं लिहा. जुन्या पट्टीचा मागचा फोटो जोडा, कंपनीचा पत्ता त्यावरच असतो, त्यांच्या कस्टमर केअरलाही एक मेल टाका आणि विचारा की मुंबईत माल कुठल्या स्टॉकिस्टकडे गेलाय. उत्तर आलं की ते नाव तुमच्या केमिस्टला व्हॉट्सॲपवर पाठवून द्या.